माणूस सुटतो, गाडी अडते

उत्तर प्रदेशातल्या सोनौलीहून नेपाळात पायी जायला पाच मिनिटं लागतात. भाजीवाल्या, शाळकरी पोरं, लग्नाला निघालेली वऱ्हाडं, सायकलवर गॅसची टाकी बांधलेले लोक, सगळे दिवसभर या कमानीखालून त्या कमानीखाली जात असतात. १९५० च्या भारत-नेपाळ मैत्री करारापासून भारतीयाला नेपाळात जायला व्हिसा लागत नाही. पासपोर्ट नसला तर मतदार ओळखपत्र चालतं, आणि पायी जाणाऱ्याला बहुतेक वेळा तेही कुणी मागत नाही. तोच माणूस मोटारसायकलवर बसून आला की मात्र पलीकडच्या बेलहियाच्या नाक्यावर हात आडवा येतो आणि एकच शब्द कानावर पडतो : भन्सार.

भन्सार म्हणजे कस्टम. तिथे तुमच्या येण्याबद्दल कुणाची तक्रार नसते. प्रश्न तुमच्या गाडीच्या येण्याचा असतो. पहिल्यांदा परदेशी गाडी नेणारे बरेच जण इथेच गोंधळतात. पासपोर्ट-व्हिसाची तयारी महिनाभर करतात आणि गाडीचा कागद म्हणजे आरसी, असं समजून निघतात. गाडीची सीमा वेगळी असते. ती कुठली, ते एकदा कळलं की जगातल्या कुठल्याही नाक्यावरचं कागदांचं जंजाळ आपोआप उलगडायला लागतं.

कस्टमच्या नजरेतून बघा. पुण्यात तयार झालेली मोटारसायकल काठमांडूच्या शोरूममध्ये भारतापेक्षा कितीतरी महाग मिळते, कारण नेपाळ सरकार तिच्यावर भरघोस आयात शुल्क आणि वर इतर कर घेतं. हा त्या देशाच्या तिजोरीचा मोठा आधार आहे. आता तुम्ही आपली गाडी चालवत आत आलात, पोखऱ्याला कुणाला तरी विकलीत आणि बसनं घरी परतलात, तर सरकारचे पैसे बुडाले. म्हणून कस्टमच्या लेखी तुम्ही प्रवासी असलात तरी तुमची गाडी हा आयात होणारा माल आहे. मालाला दोन वाटा असतात : पूर्ण शुल्क भरा, किंवा ‘हा माल परत घेऊन जाईन’ असं पक्कं वचन द्या. दुसऱ्या वाटेला तात्पुरती आयात म्हणतात. दुसऱ्या देशात गाडी नेताना लागणारे बहुतेक कागद या एका वचनाचेच निरनिराळे नमुने आहेत. कुठे वचनाबरोबर पैसे ठेवावे लागतात, कुठे जामीन लागतो, कुठे तुमचा पासपोर्टच गाडीला बांधून टाकतात.

नेपाळचा नमुना सगळ्यांत सोपा. भारतीय क्रमांकाच्या खासगी गाडीला दर दिवसाचं शुल्क भरून पावती मिळते. दुचाकीचं शुल्क चारचाकीपेक्षा बरंच कमी, एका वेळच्या जेवणाएवढं. आरसी, लायसन्स आणि ओळखपत्र दाखवायचं, किती दिवस राहणार ते सांगायचं, पैसे नेपाळी रुपयांत भरायचे. १९९३ पासून भारतीय १०० रुपयांना नेपाळी १६० हा दर कायम आहे, त्यामुळे हिशेब तोंडी होतो. त्यानंतर वाहतूक पोलिसांकडचा यातायात परवाना. वर्षभरात एका भारतीय गाडीला एकूण ३० दिवसच नेपाळात राहता येतं; सलग राहा किंवा तुकड्यातुकड्यांनी. पावतीवरची मुदत उलटली तर राहिलेल्या दिवसांचं शुल्क आणि वर दंड.

मराठी माणसाला या नाक्यावर एक सोय आपसूक मिळते. फॉर्म आणि पाट्या देवनागरीत असतात, आणि ‘सवारी साधन’, ‘म्याद’, ‘कार्यालय’ हे शब्द वाचून अर्थ लागतो. मात्र ही ओळख एका जागी फसवते. पावतीवरची तारीख विक्रम संवताची असू शकते. नेपाळचा सरकारी कारभार त्याच पंचांगावर चालतो आणि तिथलं नवं वर्ष एप्रिलच्या मध्यात सुरू होतं. आकडे ओळखीचे, महिन्यांची नावंही ओळखीची, म्हणून माणूस बिनधास्त राहतो. आपल्या पंचांगातला चैत्र-वैशाख आणि तिथला चैत्र-वैशाख यांचे दिवस जुळत नाहीत. तिथले महिने सौर आहेत. पावती हातात पडली की खिडकीवरच विचारून इंग्रजी तारीख पेनानं शेजारी लिहून घ्यावी.

आता जरा जवळ जाऊन बघण्यासारखी गोष्ट. नाक्यावरचा माणूस गाडीचा रंग किंवा मॉडेल बघून समाधान मानत नाही. त्याला हवा असतो चासी नंबर. हँडल एका बाजूला पूर्ण वळवलं की बहुतेक मोटारसायकलींच्या मानेवर, म्हणजे फ्रेमच्या पुढच्या नळीवर, अक्षरं ठोकलेली दिसतात. तिथे हमखास चिखल, ग्रीस आणि वायरींचा गुंता असतो. मग फडक्यानं पुसायचं, मोबाइलचा टॉर्च तिरपा धरायचा आणि एकेक अक्षर आरसीशी जुळवायचं. हा नंबर १७ अक्षर-अंकांचा असतो. भारतात बनलेल्या गाडीचा ‘एम’नं सुरू होतो. त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच नसतात, कारण ती १ आणि ० सारखी दिसतात आणि गल्लत होते. म्हणून तुमच्या कागदावर टंकलेल्या चासी नंबरात कुठे ‘ओ’ दिसला, तर तो टंकणाऱ्याचा घोळ आहे हे तिथल्या तिथे सिद्ध करता येतं. तरी सिद्ध करायची वेळ घरीच यावी, नाक्यावर नको. घरून निघण्याआधी फडकं घेऊन तो नंबर स्वतः वाचा आणि आरसीवरच्या नंबराशी ताडून बघा. हौसेनं फ्रेमला पावडर कोटिंग करून घेणाऱ्यांनी तर नक्कीच. रंगाच्या थराखाली अक्षरं बुजली की ती गाडी तुमचीच हे पटवणं अवघड.

भूतानचं गणित वेगळं आहे. जयगाव ओलांडून फुंत्शोलिंगला गेलं की तिथे तुमच्याकडूनही पैसे घेतात. सप्टेंबर २०२२ मध्ये देश पुन्हा उघडला तेव्हापासून भारतीय पर्यटकाला माणशी, रात्रीला १२०० रुपये शाश्वत विकास शुल्क आहे. गाडीचा परवाना त्याशिवाय वेगळा काढायचा. ज्यांना गर्दी नको आणि खिसा हलका झालेला चालतो, त्यांनी जावं.

नेपाळ आणि भूतान हे शेजारधर्माचे अपवाद आहेत. यांच्या पलीकडच्या अनेक देशांत दिवसाची पावती फाडून भागत नाही. तिथे लागतो कार्नेट. पूर्ण फ्रेंच नाव ‘कार्ने द पासाज आँ द्वान’, पण गाडीवाले कार्नेटच म्हणतात. पाकिस्तान, इराण, बांगलादेश, श्रीलंका, ऑस्ट्रेलिया, इजिप्त अशा देशांत गाडी न्यायची तर हे पुस्तक हवं, आणि परदेशी माणसाला भारतात स्वतःची गाडी आणायची तर त्यालाही. आपण इतरांना जो त्रास देतो तोच इतर आपल्याला देतात. याच्या मागे १९५४ साली न्यूयॉर्कला झालेला संयुक्त राष्ट्रांचा करार आहे, खासगी वाहनांच्या तात्पुरत्या आयातीचा.

कार्नेटची रचना चेकबुकासारखी असते. ५, १० किंवा २५ पानं, मुदत एक वर्ष. प्रत्येक पान एका देशासाठी आणि त्याचे तीन तुकडे. आत शिरताना कस्टमचा माणूस खालचा तुकडा फाडून ठेवतो, बाहेर पडताना दुसऱ्या नाक्यावरचा माणूस मधला तुकडा फाडतो. वरचा भाग तुमच्या पुस्तकात राहतो आणि त्यावर आत आल्याचा आणि बाहेर गेल्याचा असे दोन शिक्के बसतात. दोन्ही फाटलेले तुकडे त्या देशाच्या दप्तरात एकमेकांना भेटले की हिशेब मिटला. न भेटले तर सरकार शुल्काची मागणी करतं, आणि गंमत म्हणजे ती तुमच्याकडे करत नाही. ती करतं पुस्तक देणाऱ्या संघटनेकडे, कारण ती तुमच्यासाठी जामीन राहिलेली असते.

म्हणूनच ही संघटना तुमच्याकडून आधीच अनामत किंवा बँक हमी घेते. मुंबईतली वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशन ही १९१९ पासूनची संस्था, कार्यालय चर्चगेटला; महाराष्ट्रातले बहुतेक मोटारसायकलस्वार कार्नेटसाठी तिच्याच पायऱ्या चढतात. हमीची रक्कम गाडीची किंमत आणि तुम्ही कुठल्या देशांत जाणार यावर ठरते. ज्या देशाचं आयात शुल्क जास्त, त्याची हमीही जास्त. काही देशांसाठी ती गाडीच्या किमतीच्या पटीत जाते. पेट्रोल, हॉटेल, व्हिसा यांचा हिशेब करून निघालेल्या माणसाला या एका आकड्यानं घाम फुटतो. पैसे परत मिळतात हे खरं, पण वर्षभर अडकून पडतात हेही खरं. जगप्रवासाला स्वस्तातली जुनी गाडी का न्यावी, याचं सगळ्यांत ठोस कारण मला हेच वाटतं. खड्डे, पडझड वगैरे कारणं नंतरची.

कार्नेटवाल्याची झोप उडवणारी गोष्ट म्हणजे बाहेर पडतानाचा शिक्का राहून जाणं. आत येताना कुणी विसरत नाही, कारण त्याशिवाय फाटक उघडत नाही. बाहेर जाताना मात्र इमिग्रेशनचा शिक्का झाला की रांग पुढे ढकलते, कस्टमची खोली जेवणाच्या सुट्टीत बंद असते, मागचा ट्रक हॉर्न मारतो, आणि माणूस निघून जातो. पुढच्या देशात गेल्यावर पान उघडतो तेव्हा कळतं की मागच्या देशाच्या दप्तरात आपली गाडी अजून तिथेच आहे. यावर उपाय आहे. कार्नेटच्या शेवटी गाडी प्रत्यक्ष कुठे आहे याचा दाखला असतो. त्यावर मायदेशाच्या कस्टमनं किंवा वकिलातीनं गाडी डोळ्यांनी बघून सही-शिक्का करायचा. पण तोवर अनामत अडकलेली, आणि पत्रव्यवहार कधी संपेल ते कुणी सांगू शकत नाही.

याहून वाईट प्रसंग म्हणजे गाडीच मेली तर. परक्या देशात इंजिन फुटलं किंवा अपघातात फ्रेम मोडली, दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीपेक्षा जास्त, अशा वेळी भंगारवाल्याला देऊन विमानानं घरी यावं असं कुणालाही वाटेल. पण भंगारही त्या देशात आयात केलेला माल ठरतो. गाडी कस्टमच्या ताब्यात द्या, नाहीतर त्यांच्या देखरेखीखाली नष्ट करून तसा दाखला घ्या. दाखला नसला तर शुल्क भरा. चोरीला गेली तरी पोलिसांत नोंद करून सुटका होईलच असं नाही, कारण गाडी देशाबाहेर गेल्याचा पुरावा तुमच्याकडे नसतो.

तुर्कस्तानात कार्नेट मागत नाहीत, पण तिथली युक्ती जास्त कडक आहे. तुम्ही गाडी घेऊन आलात याची नोंद थेट तुमच्या पासपोर्टवर होते, आणि गाडीशिवाय देशाबाहेर पाऊल टाकता येत नाही. घरी कुणी आजारी पडलं, चार दिवसांसाठी विमानानं जाऊन यायचं, तर आधी गाडी कस्टमच्या गोदामात जमा करून नोंद मोकळी करून घ्यावी लागते. त्या मानानं रशिया-मध्य आशियाची बाजू बरी. रशिया, कझाकस्तान, किर्गिझस्तान, बेलारूस आणि आर्मेनिया यांचा कस्टमचा संघ एकच असल्यामुळे पहिल्या देशात मिळालेला तात्पुरत्या आयातीचा कागद बाकीच्यांतही चालतो.

चीनची तऱ्हा निराळीच. तिथे आंतरराष्ट्रीय लायसन्सलाही मान्यता नाही. तात्पुरतं चिनी लायसन्स, तात्पुरती चिनी नंबरप्लेट आणि पूर्ण वाटभर सोबत सरकारमान्य गाइड, असा सगळा लवाजमा घेऊनच गाडी चालवता येते. खर्च एकट्याला झेपत नाही म्हणून अनोळखी लोक टोळी करून वाटून घेतात आणि पंधरवडाभर एकमेकांची तोंडं बघत जातात.

एवढं वाचून कुणी नकाशा उघडला असेल तर त्याच्या लक्षात आलं असेल की भारतातून रस्त्यानं बाहेर पडायच्या वाटा मुळातच थोड्या आहेत. पूर्वी तसं नव्हतं. १९७९ पर्यंत युरोपातली पोरं तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान करत व्हॅनमधून आणि मोटारसायकलींवरून थेट गोव्याच्या किनाऱ्यावर येऊन थडकत. त्या वर्षी इराणात क्रांती झाली, अफगाणिस्तानात सोव्हिएत सैन्य शिरलं आणि ती वाट मोडली. अटारी-वाघाचा नाका त्यानंतरही अधूनमधून उघडमीट करत राहिला. पहलगामच्या हल्ल्यानंतर, एप्रिल २०२५ मध्ये, भारतानं तो बंद केला. पूर्वेला ऑगस्ट २०१८ मध्ये मणिपूरमधलं मोरे आणि म्यानमारमधलं तामू यांच्यातला नाका व्हिसाधारकांसाठी खुला झाला, आणि काही काळ इंफाळहून बँकॉकला बुलेटचे तांडे निघाले. सोबत गाइड आणि आधी काढलेले परवाने लागायचे, पण जाता यायचं. आधी कोविड आला, मग फेब्रुवारी २०२१ मध्ये म्यानमारमध्ये लष्करानं सत्ता घेतली, आणि तीही वाट मोडली. म्यानमारच्या पलीकडे थायलंडमध्येही २०१६ पासून परक्या गाडीला तिथल्या प्रवासी कंपनीमार्फत आगाऊ परवानगी काढावी लागते.

त्यामुळे आज मुंबई-पुण्याहून लंडनला निघालेल्या गाडीचा पहिला टप्पा बहुधा न्हावा शेवा बंदर असतो. गाडी पेटीत जाते. भाडं पेटीच्या आकारमानावर असतं म्हणून पुढचं चाक काढतात, हँडल उतरवतात, आरसे आणि काच सोडवून कापडात गुंडाळून आत ठेवतात. टाकीतलं पेट्रोल काढायचं, बॅटरीच्या तारा सोडायच्या. विमानानं पाठवायची असेल तर पेट्रोलवर चालणारं वाहन धोकादायक मालाच्या वर्गात मोडतं आणि तसं घोषणापत्र द्यावं लागतं. पेटीच्या लाकडालाही कागद लागतो, हे ऐकून सुताराला हसू येतं. लाकडातून कीड दुसऱ्या देशात जाऊ नये म्हणून ते तापवून घेऊन त्यावर ठरलेला आंतरराष्ट्रीय छाप उमटवावा लागतो. छाप नसलेली पेटी पलीकडच्या बंदरात अडते. गाडी परत आणताना ती इथूनच गेलेली आहे हे दाखवायला निर्यातीच्या वेळचं शिपिंग बिल लागतं, म्हणून ते जपून ठेवायचं.

घरच्या कागदांत तीन गोष्टी लोक हटकून विसरतात. पहिली म्हणजे कर्ज. आरसीवर बँकेचा बोजा असला तर कागदोपत्री गाडीवर बँकेचाही हक्क असतो. ती देशाबाहेर न्यायला बँकेचं ना-हरकत पत्र लागतं, आणि शाखेतल्या माणसानं असं पत्र याआधी कधी दिलेलं नसतं. अर्ज लवकर करा.

दुसरी विमा. आपली पॉलिसी भारताच्या हद्दीत लागू असते. सोनौलीची कमान ओलांडली की ती कागदापुरती उरते. नेपाळ, भूतान, बांगलादेश, पाकिस्तान, श्रीलंका आणि मालदीव या सहा देशांसाठी थोडा जादा हप्ता भरून पॉलिसीची भौगोलिक हद्द वाढवून घेता येते. ही तरतूद वर्षानुवर्षं नियमांत आहे. तरी एजंटाला विचारलंत तर तो आधी ‘असं काही नसतं’ म्हणेल. पॉलिसीत ‘भौगोलिक क्षेत्र’ असा रकाना असतो, त्यावर बोट ठेवा. या सहांच्या पलीकडे प्रत्येक देशाच्या नाक्यावर तिथला विमा विकत घ्यायचा.

तिसरी म्हणजे मूळ कागद. डिजिलॉकरमधलं लायसन्स आणि आरसी भारतातल्या पोलिसांना चालते. पलीकडच्या कस्टमला मोबाइलच्या पडद्याशी काही देणंघेणं नसतं. आरसीचं स्मार्ट कार्ड हातात हवं, आणि गाडी आरसीवर ज्याच्या नावाची तो माणूस सोबत हवा. भावाची किंवा मित्राची गाडी नेत असाल तर त्याचं अधिकारपत्र घ्या. आंतरराष्ट्रीय लायसन्स आपल्याच आरटीओत मिळतं, त्याची मुदत एक वर्ष असते, आणि मूळ लायसन्स सोबत असेल तरच त्याला किंमत. नेपाळात त्याची गरज नाही, आपलं लायसन्स चालतं.

हे सगळं वाचून कार्नेटच्या वाटेला एकदम जाऊ नका. आधी नेपाळ करा. सोनौलीहून बुटवल, तानसेन करत पोखऱ्यापर्यंत सिद्धार्थ राजमार्गानं जा. गाडीची सीमा काय असते ते थोडक्या पैशांत आणि ओळखीच्या लिपीत कळेल. पावसाळ्यात त्या डोंगरांत दरडी कोसळून रस्ते दिवसदिवस बंद पडतात, तेव्हा जेवढे दिवस राहायचं ठरवलंय त्यापेक्षा दोन दिवसांचं भन्सार जास्त भरा. पावतीचा फोटो घरी पाठवून ठेवा. आणि मूळ पावती टँक बॅगेत ठेवू नका, अंगावरच्या पाकिटात ठेवा. गाडी कुणी उचलून नेली तर ती गाडी तुम्ही आणली होती हे दाखवायला तोच एक कागद असतो.